अन्नाचें माप : शेर-पायलीपासून उष्मांकापर्यंत



अन्न मोजून खावें कीं भूक सांगेल तितकें खावें, हा वाद कांहीं आजचा नाहीं. परंतु अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत त्यास एक नवें रूप आलें आहे. ओट्यावर पोळपाट-लाटण्याच्या शेजारीं एक लहानसा बॅटरीवर चालणारा तराजू येऊन बसला आहे. वाढलेला भात आधीं त्यावर चढतो. घरांतील कोणी तरुण, अगर मधुमेहाच्या भीतीनें सावध झालेला गृहस्थ, त्याचा आंकडा टिपून घेतो आणि दिवसाअखेर उष्मांकांची बेरीज मांडतो. हा उपक्रम ज्यांनीं नुकताच आरंभिला आहे त्यांची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. बेरीज तर बिनचूक आहे, हिशेब तर कमी खाल्ल्याचा निघतो, पण वजनाचा कांटा जागचा हालत नाहीं. मग कोणी उष्मांकाच्या शास्त्रास नांवें ठेवतो, तर कोणी आपल्या प्रकृतीस.

माझ्या मतें यांत दोष बहुतेक वेळां शास्त्राचाही नसतो आणि प्रकृतीचाही नसतो; तो मापाचा असतो. माप कोठें घसरतें हें समजून घ्यावयाचें तर इतिहासाकडे वळणें बरें. कारण अन्न मोजणाऱ्यास आज ज्या तीन प्रश्नांशीं गांठ पडते, त्याच तीन प्रश्नांनीं राजांच्या कोठारांना, बाजारांतील मापाऱ्यांना आणि दुष्काळी कामांवरील अधिकाऱ्यांनाही गांठलें होतें. पहिला प्रश्न : अन्न आकारमानानें मोजावें कीं वजनानें? दुसरा : कच्चें मोजावें कीं शिजलेलें? आणि तिसरा : माप शिगेचें धरावें कीं सपाट? याशिवाय चौथाही एक प्रश्न आहे, तो मीं मुद्दाम मागें ठेवला आहे. माप कोणाच्या हातीं असावें, हा तो प्रश्न.

प्रथम आपल्या जुन्या ग्रंथांकडे पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें हस्तलिखित म्हैसूर येथें पंडित शामशास्त्री यांच्या हातीं आलें व १९०९ सालीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. पुढें प्रा. कंगले यांनीं सिद्ध केलेली त्याची चिकित्सित आवृत्ति १९६० पासून मुंबई विद्यापीठानें प्रकाशित केली. त्या ग्रंथांत राजाच्या कोठाराविषयीं जें प्रकरण आहे त्यांत एका माणसाच्या जेवणाचें माप दिलेलें आहे. आर्य पुरुषाच्या एका भोजनास एक प्रस्थ तांदूळ, त्याच्या चतुर्थांश वरण, वरणाच्या सोळाव्या हिश्शाइतकें मीठ आणि वरणाच्या चौथ्या हिश्शाइतकें तूप अथवा तेल. खालच्या दर्जाच्या सेवकांस वरण कमी आणि स्नेह निम्मा. स्त्रियांस सर्व पाऊणपट आणि मुलांस निम्मे. या वांटणींतील उच्चनीच भाव आज आपणांस रुचणार नाहीं. पण त्यांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेल-तूप हा जिन्नस कोठारवाल्यानें अंदाजावर सोडलेला नाहीं; थोडा असूनही त्याचें प्रमाण त्यानें स्वतंत्रपणें बांधून दिलें आहे.

याहूनही मौजेची गोष्ट पुढें आहे. कोणतें धान्य शिजल्यावर किती वाढतें याचें कोष्टकच तेथें आहे. कोद्रू, राळा अशा धान्यांचें अन्न तिप्पट होतें, व्रीहि जातीच्या भाताचें चौपट आणि शाली जातीच्या तांदुळाचें पांचपट, असें कौटिल्य सांगतो. म्हणजे कच्चें आणि शिजलेलें यांत गल्लत झाली कीं कोठाराचा हिशेब बुडतो, हें त्या काळच्या अधिकाऱ्यांना पक्कें ठाऊक होतें. वजनें-मापें यांच्या प्रकरणांत तर मापाच्या शिगेचाही विचार आहे. माप सुक्या, टणक लाकडाचें असावें आणि त्यावरची शीग एकंदर मापाच्या चतुर्थांश धरावी, अथवा शीग आंतच सामावेल असें माप करावें, असा नियम तेथें आढळतो. कौटिल्याची ती शिखा म्हणजेच आपल्या घरांतील शीग. चमचा सपाट भरला कीं शिगोशीग, या आजच्या प्रश्नाचें मूळ इतकें जुनें आहे.

आतां महाराष्ट्राकडे येऊं. मीं शाळेंत जीं कोष्टकें शिकविलीं तीं दशमान पद्धतीचीं; परंतु आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं दुसरेंच कोष्टक होतें. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. हीं सारीं मापें आकारमानाचीं. त्यांच्या खालीं पसा, ओंजळ, मूठ आणि चिमूट हीं देहाचीं मापें, आणि तीं तर ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणें निराळीं. घरांतील गृहिणी माणशीं मूठ धरून तांदूळ काढी आणि आल्यागेल्यासाठीं वर एक मूठ घाली. तिचें काम याच्यानें उत्तम चाले; कारण मोजणारा हात एकच असे आणि जेवणारीं माणसें रोजचींच असत. मापाची भानगड हात बदलल्यावर सुरू होते.

शेरभर तांदूळ, शेरभर बाजरी आणि शेरभर कुरमुरे यांचें आकारमान एक, पण वजन निराळें. पुन्हां एकाच नांवाचें वजनही सगळीकडे एक नव्हतें. मुंबईचा मण चाळीस शेरांचा, मद्रासचाही चाळीस शेरांचा आणि बंगाली मणही चाळीस शेरांचाच. परंतु मुंबईचा मण भरे २८ पौंड, मद्रासचा २५ पौंड आणि बंगाली मण ८२ पौंडांहून किंचित् अधिक! खरेदीच्या वेळीं शीग लावून घ्यावयाचें आणि विक्रीच्या वेळीं शीग मोडून द्यावयाचें, ही व्यापाऱ्यांविषयींची तक्रार तर शेतकऱ्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानें आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें अंमलांत आलेल्या दशमान वजनांनीं हा गोंधळ मिटविला. ८० तोळ्यांचा शेर जाऊन किलोग्रॅम आला. तो शेर सुमारें ९३३ ग्रॅमांचा होता, म्हणजे किलोपेक्षां थोडा कमी. त्यामुळें गृहिणींना नव्या वजनांशीं जुळवून घेणें फारसें अवघड गेलें नाहीं.

परंतु त्याआधींच, १८७७ सालीं, अन्नाच्या मापाचा प्रश्न या देशांत जिवावर बेतला होता. १८७६ सालीं पाऊस गेला आणि सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा या बाजूंस, तसेंच कर्नाटकांत आणि मद्रास इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. सरकारनें खडी फोडणें, रस्ते बांधणें अशीं कामें काढलीं. लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी भागाची पाहणी करण्यास धाडलें. खर्च आटोक्यांत ठेवावा ही त्यांस ताकीद होती. १८७७ च्या आरंभीं त्यांनीं मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खालीं आणली. स्त्रिया व मुलें यांस त्याहूनही कमी. या मजुरीस पुढें टेंपल-मजुरी असें नांव पडलें.

मुंबई इलाख्यांतील कामांवर याचा परिणाम तात्काळ दिसला. हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालीं स्थापन झाली होती. तिनें मजुरांची बाजू उचलून धरली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील माहिती गोळा करून सरकारकडे पाठविली. तिकडे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं टेंपल यांच्याशीं उघड वाद मांडला. श्रम करणाऱ्या माणसास किमान दीड पौंड धान्य, आणि शिवाय डाळ व भाजीपाला लागतोच, असें त्यांचें म्हणणें होतें. मद्रास सरकारनें त्याच सालीं हा शिधा वाढवून सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ इतका केला. वाद केवळ अर्ध्या पौंडाचा होता. पण त्या अर्ध्या पौंडांत माणसांचे प्राण अडकले होते.

आज आपण तो हिशेब मांडून पाहूं शकतों. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें ३४९ उष्मांक असतात; तेव्हां पौंडभर ज्वारीचे सुमारें १,५८० उष्मांक झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांप्रमाणें ६५ किलो वजनाच्या पुरुषास कष्टाच्या कामासाठीं दिवसास सुमारें साडेतीन हजार उष्मांक लागतात. त्या काळच्या मजुराचें वजन कमी धरलें आणि वरच्या आण्याचें आणखी धान्य घेतलें असें मानलें, तरी त्या महागाईंत तूट भरून येणें शक्य नव्हतें. टेंपल यांचा तराजू खोटा नव्हता. पौंड पुरा पौंडच होता. चुकलें तें इतकेंच कीं, देहास किती लागतें हें देहाला न विचारतां खजिन्याला विचारलें गेलें.

देहाला विचारावयाचें म्हणजे काय, याचा शोध मात्र युरोपांत शंभर वर्षांपूर्वींच सुरू झाला होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत पॅरिसमध्यें लाव्हाझिये आणि लाप्लास या दोघां शास्त्रज्ञांनीं एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें तें त्यांनीं मोजलें, आणि त्याच्या श्वासांतून किती कार्बवायु बाहेर पडतो तेंही मोजलें. कोळसा जळतांना जसें होतें तसेंच, पण मंदपणें, प्राण्याच्या देहांत होतें, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. श्वसन हें एक सावकाश ज्वलन आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९४ सालीं लाव्हाझियेचा शिरच्छेद झाला. पण त्याचा विचार टिकला. पुढें निकोला क्लेमां या फ्रेंच अध्यापकानें आपल्या व्याख्यानांत कॅलरी हा शब्द वापरला. एक किलो पाण्याची उष्णता एक अंशानें वाढविण्यास जितकी उष्णता लागते ती एक कॅलरी. आहारशास्त्रांत आपण ज्यास उष्मांक म्हणतों तो हाच. १८९४ सालीं जर्मनींत माक्स रुबनर यानें कुत्र्यावर प्रयोग करून दाखविलें कीं, अन्नांतून जितकी शक्ति मिळते तितकीच उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते.

यानंतरचा मोठा पुरुष म्हणजे अमेरिकेंतील विल्बर अॅटवॉटर. कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाउन येथें वेस्लियन विद्यापीठांत त्यानें पदार्थविज्ञानाचे अध्यापक रोझा यांच्या साहाय्यानें एक बंदिस्त खोली बांधली. तींत एक माणूस कित्येक दिवस राही. खाट, खुर्ची, मेज सर्व आंत. अन्न लहानशा खिडकींतून जाई, तें आधीं तोलून आणि त्याचें पृथक्करण करून. आंत जाणारी हवा, बाहेर येणारी हवा, मलमूत्र, आणि खोलींतील नळांतून वाहणाऱ्या पाण्यानें शोषून घेतलेली उष्णता, सर्वांची मोजदाद होई. कधीं तो माणूस स्वस्थ बसे, तर कधीं एका जागीं उभ्या केलेल्या सायकलीवर पाय मारी. अशा पुष्कळ प्रयोगांतून जे आंकडे निघाले ते आजही प्रत्येक पाकिटावर छापलेल्या माहितीच्या मुळाशीं आहेत. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थाचे चार उष्मांक, एक ग्रॅम प्रथिनाचे चार आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थाचे नऊ. पचनांत जें वायां जातें तें वजा करूनच हे आंकडे ठरविलेले आहेत. १८९६ सालीं अॅटवॉटर व वुड्स यांनीं अमेरिकेंतील खाद्यपदार्थांच्या घटकांचें एक मोठें कोष्टक सरकारतर्फे प्रसिद्ध केलें.

योगायोग असा कीं, त्याच १८९६ सालीं बोस्टन शहरांत फॅनी फार्मर या पाकशाळेच्या मुख्याध्यापिकेचें पाकशास्त्राचें पुस्तक बाहेर आलें. त्यापूर्वींच्या पाककृतींत अक्रोडाएवढें लोणी, चहाचा पेला भरून पीठ, अशी भाषा असे. या बाईंनीं आग्रह धरला कीं, पेला व चमचा ठराविक आकाराचा असावा, आणि भरल्यावर त्यावरून सुरीची धार फिरवून तो सपाट करावा. म्हणजे कौटिल्याचा शिगेचा प्रश्न बोस्टनच्या स्वयंपाकघरांत पुन्हां उभा राहिला आणि तेथें त्याचा निकाल सपाट मापाच्या बाजूनें लागला. तरीही पेल्याची अडचण उरलीच. पीठ चाळून हलकेच भरलें तर एक पेला सुमारें १२० ग्रॅमांचा, आणि डब्यांतून दाबून काढलें तर दीडशें ग्रॅमांच्या घरांत जातो. सुरी कितीही सरळ फिरविली तरी आंत काय दाटलें आहे हें तिला कळत नाहीं. तें तराजूलाच कळतें.

प्रयोगशाळेंतील उष्मांक घरच्या जेवणाच्या मेजावर आणण्याचें श्रेय लॉस एंजेलिस येथील डॉ. लुलू हंट पीटर्स या बाईंकडे जातें. १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतां, त्यांनीं उष्मांक मोजून वजन कमी करण्याविषयींचें पुस्तक लिहिलें व तें अफाट खपलें. भाकरीचा तुकडा, पायची फांक असें न म्हणतां शंभर उष्मांकांची भाकरी, साडेतीनशें उष्मांकांचा पाय असें म्हणावयास शिका, असा त्यांचा उपदेश होता. अॅटवॉटरला काळजी होती ती थोड्या पैशांत कामगाराचें पोट कसें भरेल याची. पीटर्सबाईंच्या वाचकांना काळजी होती ती भरलेलें पोट कसें ओसरेल याची. तेंच माप वीस-बावीस वर्षांत एका पंगतींतून उठून दुसऱ्या पंगतीस जाऊन बसलें.

आपल्या देशांत हें कार्य निलगिरीच्या डोंगरांत, कुन्नूर येथें झालें. १९१८ सालीं डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं तेथें बेरीबेरी रोगाच्या संशोधनास आरंभ केला. त्यांतूनच पोषण-संशोधनाची प्रयोगशाळा वाढली. १९३५ पासून दहा वर्षें तिचे संचालक डॉ. एक्रॉइड हे होते. त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानांतील खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक लहानशी पुस्तिका निघाली. सरकारी आरोग्यपत्रिकांत तिचा क्रमांक २३ होता. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, अंबाडी यांचे आंकडे प्रथमच गृहस्थाच्या हातीं आले. याच एक्रॉइड यांस पुढें बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावर बसावें लागलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याच १९४३ सालीं मुंबई शहरांत धान्याचें नियंत्रित वांटप सुरू झालें आणि शिधापत्रिका हा शब्द घरोघरीं पोंचला. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस हलली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांचा १९७१ चा ग्रंथ आणि २०१७ सालीं निघालेलीं ५२८ पदार्थांचीं नवीं कोष्टकें, हीं त्याच परंपरेंतील आहेत.

नव्या कोष्टकांविषयीं नवशिक्यांस एक सूचना केली पाहिजे. त्यांत शक्ति किलोज्यूल या एककांत दिली आहे. उष्मांक हवे असल्यास त्या आंकड्यास ४.१८४ नें भागावें लागतें. सडलेल्या कच्च्या तांदुळाचा आंकडा तेथें १,४९१ किलोज्यूल आहे. म्हणजे १०० ग्रॅमांस सुमारें ३५६ उष्मांक. जुन्या ग्रंथांत तोच आंकडा ३४५ होता. दोन्ही पाहण्या प्रामाणिक. फरक तांदुळाच्या जातीचा, सडीचा आणि आंतील ओलाव्याचा. यावरून हेंही समजावें कीं, कोष्टकांतच शेंकडा तीनचा फरक असतां पांच-दहा उष्मांकांसाठीं जीव टाकण्यांत अर्थ नाहीं.

मग जीव कोठें टाकावा? इतिहासानें दाखविलेल्या तीन ठिकाणींच. पहिलें ठिकाण कच्च्या-शिजलेल्याचें. शंभर ग्रॅम तांदुळाचा भात साधारणपणें अडीचशें ते तीनशें ग्रॅम होतो. कोणी शिजलेला भात तोलून त्यास कच्च्या तांदुळाचा आंकडा लावला, तर हिशेब जवळजवळ तिप्पट फुगेल. आणि कच्चे तांदूळ तोलून त्यांस भाताचा आंकडा लावला, तर तो तितकाच आटेल. यास उपाय सोपा आहे. समजा, घरासाठीं ३०० ग्रॅम तांदूळ घेतले. त्यांचे ३४५ प्रमाणें १,०३५ उष्मांक झाले. रिकामें पातेलें आधींच तोलून ठेवावें. भात झाल्यावर भरलेलें पातेलें तोलून त्यांतून पातेल्याचें वजन वजा करावें. भात ८४० ग्रॅम भरला आणि आपण २१० ग्रॅम वाढून घेतला, तर आपल्या पानांत बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें २५९ उष्मांक आले. पाणी किती पडलें याची चिंताच उरत नाहीं. पोळ्यांनाही हाच न्याय लावावा. ३०० ग्रॅम कणकेच्या बारा पोळ्या झाल्या, तर पोळीमागें २५ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारें ८५ उष्मांक. वरचें तेल निराळें धरावें.

दुसरें ठिकाण त्या तेलाचें. नऊ उष्मांक एका ग्रॅमास, हा अॅटवॉटरचा आंकडा स्वयंपाकघरांत सर्वांत अधिक विसरला जातो. कारण तेल डोळ्यांस दिसत नाहीं, तें आमटींत आणि भाजींत मुरून जातें. पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा तेल म्हणजे सुमारें १२४ उष्मांक, दीड पोळीच्या बरोबर. फोडणीस ओघानें असे तीन चमचे गेले आणि जेवणारीं चार माणसें असलीं, तर प्रत्येकाच्या वांट्यास नव्वदांहून अधिक उष्मांक नकळत येतात. येथें चमचा मोजीत बसण्यापेक्षां फोडणीपूर्वीं तेलाचें भांडें तोलावें आणि नंतर पुन्हां तोलावें. जितकें कमी झालें तितकें अन्नांत गेलें. कढईस व पळीस चिकटलेलें थोडेंसें सोडून द्यावें.

तिसरें ठिकाण शिगेचें. साखर, शेंगदाणे, तूप, शेव, चटणी, यांना चमचा आणि मूठ हींच मापें लावली जातात. शेंगदाण्यांची एक मूठ वीस ग्रॅमांची असूं शकते, तशी चाळीसांचीही. शंभर ग्रॅमांस ५६७ उष्मांक या हिशेबानें एका मुठींत शंभराहून अधिक उष्मांकांचा फरक पडतो. वाटी हें माप तर ज्या त्या घराचें निराळें. आपली रोजची वाटी एकदां पाण्यानें काठोकाठ भरून तोलावी. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर तिची सांठवण. इतकें केलें कीं पातळ पदार्थांपुरती ती वाटी आपल्या घरचें प्रमाणमाप होऊन बसते.

या चुका किती मोठ्या होऊं शकतात याची साक्ष एका प्रसिद्ध प्रयोगांत मिळते. आहार नियंत्रित करूनही वजन उतरत नाहीं अशी ज्यांची तक्रार होती, अशा कांहीं माणसांची अमेरिकेंत तपासणी झाली. तिचा वृत्तांत १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या देहाचा खर्च शास्त्रीय रीतीनें मोजला, तेव्हां तो वाजवी निघाला. मात्र त्यांनीं लिहून दिलेलें अन्न प्रत्यक्ष खाल्लेल्या अन्नाहून सरासरीनें शेंकडा ४७ नें कमी होतें. हीं माणसें लबाड होतीं असें समजूं नये. अंदाजाचा स्वभावच असा आहे कीं तो आपल्या इच्छेच्या बाजूस कलतो. उलट, शास्त्राच्या मापासही मर्यादा आहेत. २०१२ सालीं अमेरिकेंतील सरकारी संशोधकांना असें आढळलें कीं, बदामांचे जितके उष्मांक जुन्या हिशेबानें धरले जात, त्याहून जवळजवळ एक चतुर्थांश कमीच देहास मिळतात. कारण त्यांतील कांहीं स्निग्धांश न पचतांच बाहेर जातो. तराजू खरा असला तरी पोट हें कांहीं अॅटवॉटरच्या काळचें यंत्र नव्हे.

म्हणून आरंभीं दोन-तीन आठवडे नीट तोलावें, लिहावें आणि त्यांतून डोळ्यास व हातास शिकवावें. पुढें रोज तोलण्याची गरज उरत नाहीं. अधूनमधून पडताळा पाहिला म्हणजे पुरे. वाढत्या वयाचीं मुलें, गर्भवती स्त्रिया आणि आजारी माणसें यांच्या बाबतींत वैद्याच्या सल्ल्यावांचून हा खटाटोप करूं नये. आणि ज्यास ताटाकडे पाहतांच अन्न न दिसतां आंकडेच दिसूं लागतील, त्यानें तराजू कांहीं काळ फळीवर ठेवून द्यावा.

आतां मागें ठेवलेला चौथा प्रश्न. १८७७ सालीं सोलापूरच्या खडीवर बसलेल्या मजुराचा घास दुसऱ्यानें मोजला, आणि त्या मजुरास त्या मापाबद्दल बोलण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे काम टाकून उठून जाणें. आज आपण आपलाच घास आपणच मोजतों. तांदूळ किती घ्यावे हें ठरविणारे आपण, आणि भूक शिल्लक राहिली तर तो आंकडा बदलणारेही आपणच. उष्मांकाच्या शास्त्राची खरी कमाई हीच आहे कीं, शिध्याचें माप खजिन्याच्या सोयीवरून न ठरतां देहाच्या गरजेवरून ठरूं लागलें. तेव्हां स्वतःसाठीं तराजू हातीं घेणारानें टेंपलसाहेबांची रीत स्वतःच्या देहावर चालवूं नये. आधीं देहास किती लागतें तें ठरवावें, मग पारडें धरावें. आणि घरांत धुणीं-भांडीं करून, पाणी भरून जीं माणसें आपल्याच ओट्याजवळ वावरतात, त्यांच्या पानांत आज पुरेसे उष्मांक पडतात कीं नाहीं, हाही हिशेब त्याच वहींत एकदां मांडून पाहावा.